यादीवरचं बोट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. गच्चीवर, सकाळी अकराच्या उन्हात. पाहुणे आले की बैठकीला अंथरतो ती मोठी पांढरी चादर. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. दोघांनी ओढायची, एक झटका द्यायचा, मग मी चालत जाऊन माझे कोपरे तिच्या हातात द्यायचे. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती, पद्धत तीच.

"कोपरे जुळले नाहीत," ती म्हणाली.

"जुळलेत."

"चष्मा लावून बघा. हॉटेलात असती तर तुमच्या उस्मानचाचांनी तोंडावर फेकली असती."

पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. घडी काखेत धरून ती जिन्याकडे निघाली आणि वळून म्हणाली, "रविवारी अवीला फोन करा. बाहेर जेवायला जाऊ म्हणावं. तुम्ही म्हणायचं, मी म्हणणार नाही."

"बघू," मी म्हणालो.

"आठ वर्षं बघताय."

खाली जाऊन तिनं चहा टाकला. चहा उतू गेल्याचा वास गच्चीपर्यंत आला तरी गॅस बंद झाला नाही, म्हणून मी बघायला गेलो. ती ओट्याला टेकून खाली बसली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. अवीला, म्हणजे आमच्या मुलाला, फोन मी त्याच दिवशी केला. रविवारची वाट बघावी लागली नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. या अंकाच्या संपादकबाई मी कामाला होतो त्या हॉटेलात नेहमी यायच्या. पावसाळ्याआधी त्यांचा फोन आला होता, "बबनराव, हॉटेलात जेवायला गेल्यावर वाईनवर किती खर्च करावा, हे लोकांना कळत नाही. तुम्ही लिहा." मी म्हणालो, मी पाचवी शिकलेला माणूस आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच लिहा. कला, म्हणजे माझी बायको, शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "लिहा की. पण नुसता शहाणपणा लिहू नका. चूकही लिहा." तेव्हा दोन्ही लिहितो.

मी मूळ पुण्याजवळच्या मुंढव्याचा. वडील मार्केट यार्डात हमाल. मी कॅम्पातल्या एका मोठ्या हॉटेलात ग्लास विसळायला लागलो आणि निवृत्त झालो तेव्हा त्याच हॉटेलात वाईन देणारा मुख्य वेटर होतो. मधलं सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की चाळीस वर्षं मी लोकांना वाईन दिली आणि मला स्वतःला वाईन आवडत नाही. मला चहा आवडतो. वाईन मी घोटभर तोंडात धरून, समजून घेऊन, मोरीत थुंकली आहे. मालकांना हे माहीत होतं आणि त्यांना ते परवडत होतं.

मला शिकवलं उस्मानचाचांनी. भवानी पेठेतले, माझ्या आधीचे मुख्य वेटर. पांढरी दाढी, ताठ कणा, स्वतः आयुष्यात दारूला शिवले नाहीत, पण बाटलीचं बूच असं काढायचे की शेजारच्या टेबलाला आवाज जायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बबन, नाम मुँह में, आकडा पेट में. बस इतनाच काम है."

याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, म्हणून उलगडून सांगतो. हॉटेलात चार जणांना घेऊन जो येतो तो यजमान. वाईनची यादी त्याच्या हातात देतात. त्याच्या मनात एक आकडा असतो, पण तो पाहुण्यांसमोर बोलता येत नाही. सासरे बसलेले असतात, साहेब बसलेला असतो, एखादी मुलगी बसलेली असते. मग जाणता यजमान काय करतो, यादी वेटरकडे जरा कलती करतो आणि बोट ठेवतो. नावावर ठेवत नाही, किमतीवर ठेवतो. तोंडानं म्हणतो, "हिच्यासारखी काहीतरी बघा." वेटरनं बोट वाचायचं. त्या आकड्याच्या आतबाहेर जी चांगली बाटली असेल तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, असं की यजमानानंच ती निवडली. आकडा पोटात ठेवायचा. आणि यादी परत घेताना हातावरच्या रुमालानं तिच्यावरून एक हात फिरवायचा, कारण यादीला प्लॅस्टिकचं कव्हर असतं आणि त्यावर बोटाचा ठसा राहतो. तो दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. चाचा म्हणायचे, गिऱ्हाइकाचं बोट म्हणजे त्याचा खिसा, उघडा पडू द्यायचा नाही.

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. नावं मी चित्रासारखी पाठ केली, पीएमटी बसच्या पाट्या पाठ करतात तशी. आकडे मात्र येत होते. माझ्या कामाला आकडेच लागायचे.

तो हातावरचा रुमाल कला करायची. हॉटेलचे धुलाईचे रुमाल मऊ पडायचे, म्हणून भाताच्या पेजेची खळ करून ती घरी रुमाल कडक करायची, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची, पुढे विजेची आली. रोज एक. मालकांनी एकदा विचारलं, तुझाच रुमाल असा कसा उभा राहतो? मी म्हणालो, घरचा आहे. त्यांनी बाकीच्यांचेही तिला करायला सांगू का विचारलं. मी घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "मी तुमची बायको आहे, हॉटेलची नाही." उत्तर जसंच्या तसं मालकांना पोचवलं. पुन्हा विचारलं नाही.

बोट वाचण्यात माझी हुशारी सांगायची तर एक जोडी आठवते. मुलगा पंचविशीचा, शर्ट नवा, घडीच्या रेघा तशाच. मुलगी समोर बसून भिंतीवरची चित्रं बघत होती. यादी मी त्याच्या हातात दिली. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितली आणि बोट ठेवलं ते सगळ्यात खालच्या, सगळ्यात स्वस्त बाटलीच्याही खाली. कोऱ्या जागेवर. म्हणजे इथं लिहिलेलं काहीच त्याला झेपत नव्हतं. बोट हलवेना. माझ्याकडे बघेना.

मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब, ती यादीत लिहीत नाही आम्ही. विचारणाऱ्यालाच देतो." आत गेलो. दुपारी एका पार्टीला उघडलेली चांगली बाटली निम्मी शिल्लक होती. काचेच्या छोट्या सुरईत ओतली, दोन ग्लास मांडले. मुलगी त्याला म्हणाली, "तुला कसं माहीत इथं असं मिळतं?" तो म्हणाला, "असंच." बिलात दोन ग्लासांचे पैसे लावले, तेही कमीत कमी. पुढे त्यांचं लग्न झालं. दर वर्षी यायचे आणि तो यादी न उघडता म्हणायचा, "ती न लिहिलेली आहे का?" आता त्याला यादीतली कुठलीही झेपत होती. मी तरी सुरईतच द्यायचो.

आता सरळ सांगतो, किती खर्च करावा. चार गोष्टी ध्यानात ठेवा, फुकट आहेत.

दुकानात हजाराला मिळते ती बाटली हॉटेलात अडीच-तीन हजारांना असते. लोक म्हणतात लूट. थोडी आहेच. पण त्यात जागेचं भाडं, परवाना, फुटणारे ग्लास आणि माझा पगार होता. पटत नसेल तर घरी प्या, ग्लास स्वतः विसळा.

यादीतली सगळ्यात स्वस्त बाटली मागायची पुणेकराला लाज वाटते. म्हणून तो खालून दुसरी मागतो. हे मालकाला तुमच्याआधी माहीत असतं. जी बाटली त्याला स्वस्तात पडली आहे आणि खपवायची आहे ती तो बरोबर तिथंच बसवतो. आमचे मालक यादी छापायला देताना मला विचारायचे, "बबन, खालून दुसरी कोण?" जशी काही वधू ठरवायची आहे. खालून दुसरी घेण्यापेक्षा सगळ्यात खालची घ्या. पुष्कळदा तीच बरी असते.

ग्लासवर घेत असाल तर विचारा, बाटली कधी उघडली. आजची असेल तर घ्या. वेटर छताकडे बघायला लागला तर सोडा घ्या.

आणि बाटली उघडल्यावर घोटभर तुमच्या ग्लासात ओततात ना, ते आवडली का विचारायला नाही. खराब झालेली नाही ना, एवढंच विचारायला. लोक घोट घेऊन डोळे मिटतात आणि गाण्याला बसल्यासारखी मान हलवतात. मान हलवायची गरज नाही. फक्त वास घ्या. पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर बाटली परत करा. बुचानं बिघडलेली असते.

हा गोणपाटाचा वास माझ्या नाकाला वडिलांमुळे कळतो. ते यार्डातून घरी यायचे तेव्हा तोच वास घेऊन यायचे. एकदा एका मास्तरांनी, साधे शाळामास्तर, मुलीचा निकाल चांगला लागला म्हणून आले होते, घाबरत घाबरत सांगितलं की ह्याला कसला तरी वास येतोय. बाटली महागातली होती. आमचे मॅनेजर हसले आणि म्हणाले, "सर, ही वाईन अशीच असते. सवय लागते." मास्तरांचं तोंड उतरलं. मुलगी खाली बघायला लागली. मी ग्लास उचलून नाकाला लावला आणि म्हणालो, "साहेब बरोबर बोलतात. बाटली खराब आहे. दुसरी आणतो." मॅनेजरनं मला आत नेऊन झाडलं, तू पाचवी शिकलेला, मी हॉटेलचा कोर्स केलेला. मी म्हणालो, तुमच्या कोर्सला गोणपाट नव्हतं. शेवटी मालकांना बोलावलं. त्यांनी वास घेतला आणि बाटली मोरीत ओतायला सांगितली. त्या दिवसापासून येणारी प्रत्येक पेटी आधी माझ्या नाकाखालून जायची.

पुढे नाशिककडची वाईन सुरू झाली, इकडं कंपन्या आल्या, आमच्याकडच्या जमिनी गेल्या. एका दुपारी माझ्या वर्गातला एक जण सात माणसं घेऊन आला. त्याला आपण नाना म्हणू. मुंढव्यातली तीन एकर नुकतीच विकली होती. गळ्यात चेन, बोटात तीन अंगठ्या.

"बबन्या, वळखलं का लेका?"

"वळखलं. बस."

"सगळ्यात म्हाग कोनची हाय ती आन. आठ जनांस्नी पुरंल अशी."

आणि यादीत सगळ्यात वरच्या आकड्यावर बोट दाबलं. आता बोटाचंही शास्त्र आहे. ज्याला परवडतं त्याचं बोट हलकं पडतं. नानाचं नख पांढरं पडलं होतं. सातही जण त्याच्याकडं बघत होते. त्यातला एक जमिनीचा दलाल होता, त्यालाच दाखवायचं होतं सगळं.

मी त्या बाटलीचं नाव मोठ्यानं घेतलं. दलालानंही ऐकलं. मग म्हणालो, "नाना, पण ही बाटली आठ जणांच्या घाईत देण्यासारखी नाही. उघडून तासभर ठेवावी लागते. तोवर एक दुसरी देतो, ती जेवणाला चालते." मधल्या किमतीतली दिली. त्यांनी तिच्यात बर्फ घातला, एकानं कोला ओतला. तासाभरानं कुणालाही वरची बाटली आठवली नाही. नानाला आठवली होती. जाताना दारात माझा खांदा दाबून गेला. मालक मात्र माझ्यावर उखडले. "तू माझा नोकर आहेस की त्याचा?" मी म्हणालो, "तो परत येईल." पुढे तिन्ही पोरींच्या लग्नांची बोलणी नानानं आमच्याच हॉटेलात केली. मालकांनी नंतर कधी तो विषय काढला नाही, हेच त्यांचं शाबासकी देणं.

तर संपादकबाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तुमच्या टेबलावर दोन माणसांच्या जेवणाचं जेवढं बिल होईल, बाटली त्याच्या आत असावी. त्याच्या वर गेलात तर तुम्ही वाईन पीत नाही, आकडा पिताय. हे शंभर टक्के खरं आहे आणि चाळीस वर्षांत मी हे एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नसतं. फक्त एकाच माणसाला न विचारता सांगितलं.

अवी सात-आठ वर्षांचा होता तेव्हा घरी आमचा एक खेळ असायचा. माझी सुट्टी सोमवारी. कला वहीच्या पानावर यादी करायची. भेंडी, गवार, शेपू, पिठलं, समोर आकडे. अवी पाटावर साहेब होऊन बसायचा. पान माझ्याकडे कलतं करून आकड्यावर बोट ठेवायचा. मी डाव्या हातावर रुमाल टाकून वाकायचो आणि म्हणायचो, "पिठलं. उत्तम निवड, साहेब." मग रुमालानं पान पुसायचो. तो खदखदून हसायचा. शेपूवर त्यानं कधी बोट ठेवलं नाही.

अवी इंजिनियर झाला. हिंजवडीला कंपनीत लागला. लग्न ठरलं तेव्हा त्यानं आम्हा दोघांना, होणाऱ्या सुनेला आणि सोलापूरच्या व्याही मंडळींना कोरेगाव पार्कात एका हॉटेलात दुपारचं जेवायला नेलं. मी निवृत्त झालो होतो. गिऱ्हाईक म्हणून अशा खुर्चीवर मी पहिल्यांदा बसत होतो. कलानं माझ्या शर्टालाही खळ केली होती.

वेटर पोरगा यादी घेऊन आला. अवी व्याह्यांना म्हणाला, "बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांना ओतली. आज त्यांना कुणीतरी ओतायला पाहिजे." व्याही हसले, छान म्हणाले. मग अवीनं यादी उघडली. वेटरकडे नाही, माझ्याकडे कलती केली. आणि आकड्यावर बोट ठेवलं. माझ्याकडे बघत होता. मी नाव घ्यावं म्हणून.

मी आकडा घेतला.

"साडेसहा हजार?" मी म्हणालो. सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं. "वेडा झालास का? दुकानात दोन हजारांना मिळते ही. कुणी फसवलं तुला?" एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी वेटरला सांगितलं, ती खालची आण, हिच्यात काही नाही. व्याह्यांना समजावून सांगितलं की भाव कसे लावतात. खालून दुसरी बाटली, ग्लासचं गणित, सगळं सांगितलं. मला वाटत होतं मी माझ्या कामातलं सांगतोय.

विहीणबाईंनी समोरचा मोठा ग्लास हळूच बाजूला सरकवला. अवीनं यादी मिटली.

"सहा फ्रेश लाइम सोडा," तो वेटरला म्हणाला.

आम्ही दोघं रिक्षानं परत निघालो. बंडगार्डनच्या पुलावर कला म्हणाली, "परक्यांची बोटं वाचलीत जन्मभर. पोराचं दिसलं नाही?"

"मी त्याचे पैसे वाचवले."

"त्यानं वाचवायला सांगितले होते?"

अवी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही. लग्न झालं, बाणेरला घर घेतलं, दर पंधरा दिवसांनी यायचा, फळं आणायचा, माझ्या गोळ्या भरून द्यायचा. पण बाहेर जेवायला जाऊ असं पुन्हा म्हणाला नाही. वाढदिवसाला घरी पार्सल यायचं. सुनेनं एकदा विचारलं तर माझ्यादेखत म्हणाला, "बाबांना बाहेरचं आवडत नाही." पूर्वी मला 'अरे बाबा' म्हणायचा, आता 'तुम्ही' म्हणायला लागला. कुणाला वाटेल मान देतोय. मी गिऱ्हाइकांना तसाच मान द्यायचो, मला कळतं.

कलानं आठ वर्षं एकच धोसरा लावला होता. तुम्ही बोलवा त्याला. तो बोट ठेवेल ती बाटली घ्या, गोमूत्र असलं तरी प्या. मी म्हणायचो बघू. चूक माझी आहे हे मला रिक्षातच कळलं होतं. ते तोंडातून काढायला जमत नव्हतं. गिऱ्हाइकाची माफी मागायला मला कधी काही वाटलं नाही, दिवसातून दहादा मागायचो. घरात शब्द सापडत नाही.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. रात्री अवी आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि टॉवेल सापडेना म्हणून तिचं कपाट उघडलं. खालच्या खणात माझे जुने रुमाल होते. सहा. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खळ केलेले, घडी घातलेले. दर दिवाळीला काढून पुन्हा करत असणार, मला माहीत नव्हतं. एक काढला. हाताला सवय असते, तो डाव्या हातावर गेला आणि तिथंच राहिला.

बाहेर बैठकीला तीच चादर अंथरली होती, आदल्या सकाळी आम्ही घडी घातलेली. घड्यांच्या रेघा तिच्यावर दिसत होत्या. कोपरे जुळलेले होते. चादरीवर मेहुणे बसले होते, शेजारचे चार जण होते, सोलापूरहून रात्रीच निघून व्याही पोचले होते. समोर गुरुजी. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचं ठरवायचं होतं. गुरुजींनी पिशवीतून एक कागद काढला. प्लॅस्टिक चढवलेला. त्यावर तीन ओळी: सविस्तर, मध्यम, संक्षिप्त. समोर आकडे.

मी कागद बघितला आणि मला आमचे मालक आठवले. तीन ओळींत खालून दुसरी म्हणजे मधली. आईचं सगळ्यात स्वस्तात केलं असं कुणाला म्हणवत नाही, म्हणून सगळे मधली घेतात, आणि गुरुजींची कमाई मधलीतच. सविस्तरमध्ये काय असणार तेही मला दिसत होतं. तेच मंत्र, दोन ब्राह्मण जास्त आणि आकडा दुप्पट. कलाला असलं काही आवडायचं नाही. तिनं संक्षिप्तही घासाघीस करून घेतलं असतं.

अवीनं कागद हातात घेतला. डोळे सुजलेले होते. त्यानं कागद माझ्याकडे कलता केला आणि सगळ्यात वरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

बोट जोरात दाबलेलं नव्हतं. हलकं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. व्याहीही बघत होते, आठ वर्षांपूर्वी बघितलं तसंच. माझ्या तोंडात आकडा आला होता. खोटं कशाला बोलू, जिभेवर आला होता.

मी पाठ ताठ केली.

"गुरुजी," मी म्हणालो, "सविस्तर विधी. योग्य निवडलंय त्यानं."

"सविस्तर म्हणजे आजोबा, त्याचे होतात—"

"नाव सांगितलं ना."

अवीनं बोट उचललं. प्लॅस्टिकवर त्याच्या बोटाचा ओला ठसा राहिला होता. मी कागद त्याच्या हातातून घेतला, कलाच्या रुमालानं पुसला आणि गुरुजींना परत दिला.